वाटाड्याची मजुरी

धर्मग्रामाची मोटार बदलायची असली की धर्मग्राम मंडळाची बैठक नेहमीपेक्षा भरगच्च होते. उपासनेच्या विषयावर मौन पाळणारे सभासदही त्या दिवशी हिरिरीने बोलतात. त्यात वावगे काही नाही. मोटार लोकांच्या पैशांतून येते आणि लोकांच्याच दारी जायची असते. तेव्हा तिच्याविषयी बोलण्याचा अधिकार त्यांना आहेच.

आमची जुनी गाडी पंधरा वर्षे इमानाने राबली. तिची जागा घेणारी गाडी कोणती, यावर फारसा वाद झाला नाही. वाद झाला तो तिच्या दोन मॉडेलांवर. दोहोंचे इंजिन एक, अपघातात उघडणाऱ्या हवेच्या पिशव्यांची संख्याही एक. तशी ती नसती, तर निर्णय पाच मिनिटांत झाला असता व या लेखाचे प्रयोजनही उरले नसते. फरक होता तो इतर सोयींत. महागड्या मॉडेलला छपरात काचेची खिडकी होती, मोठा पडदा होता आणि त्या पडद्यात कारखान्यातच बसवलेली, वाट दाखवणारी यंत्रणा, म्हणजे नेव्हिगेशन होते. किमतीतील तफावत लाखाच्या आतबाहेर. काचेच्या खिडकीतून आकाश पाहण्याची हौस कुणालाच नव्हती. ‘पण फादर, नेव्हिगेशन हवेच,’ असे मंडळातील तरुण सभासद म्हणू लागले. ‘तुम्हांला रात्री-अपरात्री कुठेकुठे जावे लागते!’

प्रश्न क्षुल्लक वाटेल; पण आमच्या धर्मग्रामाची हद्द ज्यांनी पाहिली आहे त्यांना तसा तो वाटणार नाही. पश्चिमेला चिंचणी-तारापूरचा किनारा. मध्ये बोईसर: एका बाजूला औद्योगिक वसाहत, दुसऱ्या बाजूला १९६९ पासून वीज देणाऱ्या, देशातल्या पहिल्या अणुवीज केंद्राची कर्मचारी वसाहत. पूर्वेला चिल्हार फाट्याकडे जाणारा रस्ता, मुंबई-अहमदाबाद महामार्ग, आणि त्याच्या दोहो अंगांना डोंगरउतारांवर विखुरलेले आदिवासी पाडे. भाविकही तसेच विखुरलेले. नोकरीनिमित्त वसईहून आलेली कुटुंबे, अणुवसाहतीतील केरळी व तमिळ घरे, कारखान्यांमागच्या खोल्यांतून राहणारे झारखंड-ओडिशाचे तरुण आणि पाड्यांवरचे आपले वारली बंधुभगिनी. या सगळ्यांकडे जायची वाट एकाच प्रकारची नाही. म्हणून वाट दाखवणाराही एकाच प्रकारचा असून चालत नाही.

निर्णय घाईने न घेता यंत्र म्हणजे काय ते आधी समजून घ्यावे, असे मी सुचवले. सेमिनरीत आम्हांला शिकवले होते की एखाद्या मताचे खंडन करण्यापूर्वी ते मत त्याच्या अनुयायांपेक्षाही चांगले मांडता आले पाहिजे. यंत्रालाही तो न्याय का नसावा?

मोटारीत नकाशा बसवण्याची खटपट बरीच जुनी आहे. जपानच्या होंडा कंपनीने १९८१ साली तसे एक उपकरण काढले. त्यात उपग्रहांचा संबंधच नव्हता. वायूच्या झोतावर चालणारे, मोटारीची वळणे मोजणारे एक साधन आणि पडद्यावर लावायचे पारदर्शक नकाशे, एवढीच त्याची सामग्री होती. उपग्रहांच्या आधारे चालणारे अंगभूत यंत्र १९९० साली माझ्दा कंपनीच्या मोटारीत आले. ज्या जीपीएस यंत्रणेवर ते चालते ती मुळात अमेरिकी लष्करासाठी उभारलेली. १९८३ साली कोरियाचे एक प्रवासी विमान मार्ग चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले, ते पाडले गेले आणि त्यातील २६९ जण प्राणांस मुकले. त्यानंतर अध्यक्ष रेगन यांनी ही यंत्रणा नागरी उपयोगासाठी खुली करण्याचे घोषित केले. तरीही नागरी संकेतांची अचूकता मुद्दाम कमी ठेवलेली असे. ते बंधन मे २००० मध्ये उठले. वाट चुकलेल्या एका विमानाच्या शोकांतिकेचा या सोयीशी असा संबंध आहे, हे आपण विसरू नये.

सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह सतत आपली वेळ व जागा सांगत असतात. त्यांपैकी किमान चार उपग्रहांचे संकेत पोहोचायला लागलेल्या वेळेवरून मोटारीतील यंत्र आपले ठिकाण ठरवते. उपग्रहांवरची घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांच्या तुलनेत दररोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात. आइन्स्टाइनच्या सिद्धांतानुसार ती तफावत आधीच हिशेबात घेतली नसती, तर दिवसभरात चूक काही किलोमीटरांवर गेली असती. हे सारे थक्क करणारे आहे. परंतु एक गोष्ट ध्यानात ठेवावी: उपग्रह एवढेच सांगतो की ‘तू येथे आहेस’. पुढे कुठून जायचे ते नकाशा सांगतो, आणि नकाशा माणसांनी, माणसांच्या माहितीवरून केलेला असतो.

अंगभूत यंत्रणेच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. तिचा नकाशा मोटारीतच साठवलेला असतो. मोबाईलची रेंज गेली तरी तो हरवत नाही. काही मोटारींत तर संकेत तुटल्यास चाकांच्या फेऱ्यांवरून अंतर मोजून ती अंदाज चालू ठेवते. पडदा मोठा, डोळ्यांच्या रेषेत. चालवता चालवता मांडीवरचा फोन पाहण्याचा जीवघेणा प्रकार टळतो. भारतात अशा कित्येक मोटारींतील नकाशे १९९५ साली स्थापन झालेल्या मॅपमायइंडिया या देशी कंपनीचे असतात, हीही अभिमानाची गोष्ट. उलट बाजूही आहे. नकाशा जुना होतो. पहिली काही वर्षे तो फुकट अद्ययावत करून मिळतो, पुढे बहुधा पैसे मोजावे लागतात. आणि २०१४-१५ पासून आलेल्या कारप्ले व अँड्रॉइड ऑटो या सोयींमुळे फोनवरचा नकाशा मोटारीच्या पडद्यावर दाखवता येतो. स्वस्त मॉडेलातही ती सोय होतीच. फोनमध्ये आपल्या जिल्ह्याचा नकाशा आधी उतरवून ठेवला, तर तोही रेंजविना चालतो.

तेव्हा प्रश्न नेमका असा झाला: जे फोनवर फुकट मिळते, त्यापलीकडे लाखभर रुपयांत नेमके काय मिळणार?

आमच्यातील एका सद्गृहस्थांकडे तशी यंत्रणा असलेली मोटार होती. ती त्यांनी आठवडाभर वापरायला दिली. तिच्यातून मी मुद्दाम तीन प्रकारचे प्रवास केले.

पहिला, औद्योगिक वसाहतीत. तेथे भूखंडांना अक्षरे व क्रमांक असतात. रात्रपाळीच्या एखाद्या कामगाराला भेटायचे तर रस्ते एकसारखे दिसतात. यंत्राने मला कारखान्याच्या फाटकाशी अचूक नेऊन सोडले. त्यामागची खोल्यांची रांग मात्र त्याच्या लेखी नव्हती. ती एका पानवाल्याने दाखवली.

दुसरा, मुंबईच्या रुग्णालयात. येथे यंत्राने बाजी मारली. अंधेरीनंतरचे पूल, कुठून चढायचे, कुठून उतरायचे, सारे त्याने शांतपणे सांगितले. वाहतूक कुठे तुंबली आहे हे मात्र इंटरनेटविना कळत नाही आणि तेथे फोन सरस ठरला. पण याच महामार्गाने आम्हांला आणखी एक धडा दिलेला आहे. जुलै २०२५ च्या अखेरीस पालघरहून मुंबईला निघालेल्या रुग्णवाहिकेतील एका जखमी भगिनीचा कोंडीत तासन्‌तास अडकल्यामुळे मुंबई गाठण्याआधीच अंत झाला. त्या कोंडीचा रंग कुठल्याही पडद्यावर लालच दिसला असता. वाट ठाऊक असणे आणि वाट असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. दुसरीची जबाबदारी आपण यंत्रावर ढकलू शकत नाही.

तिसरा प्रवास पूर्वेच्या पाड्यांचा. नागझरी मागे पडेपर्यंत सर्व ठीक होते. मुख्य रस्ता सोडून आत वळताच पडद्यावरचा बाण कोऱ्या हिरव्या कागदावर सरकू लागला आणि यंत्र ‘शक्य तेथे वळून परत फिरा’ असे सौजन्याने विनवू लागले. पाड्याचे नाव घालून पाहिले. पाटीलपाडा, डोंगरीपाडा ही नावे आमच्या जिल्ह्यात गावोगाव आहेत. त्याने मला दुसऱ्याच तालुक्यातील पाडा सुचवला. त्यात इंग्रजी अक्षरांत एकाच गावाची तीन तीन स्पेलिंगे. पाड्यावरची माणसे वाट सांगतात ती वेगळ्याच खुणांनी: जिल्हा परिषदेची शाळा, तिच्यापुढचा हातपंप, मग जांभळीचे झाड, तेथून उतार.

आमच्या भागात तर गावेही जागा बदलतात. अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्ट्यांसाठी पोफरण व अक्करपट्टी ही गावे उठली. माणसे नव्या जागी वसली व नावे बरोबर घेऊन गेली. आता महामार्गाला समांतर द्रुतगती मार्ग होत आहे, बुलेट ट्रेनचे खांब उभे राहत आहेत, वाढवण बंदराची पायाभरणी २०२४ साली झाली आहे. कालचा रस्ता उद्या कुंपणाआड जातो. अशा ठिकाणी छापून ठेवलेला नकाशा, मग तो पडद्यावरचा का असेना, फार लवकर म्हातारा होतो.

तो म्हातारा झाल्याचे यंत्राला कळत नाही, हा खरा धोका. जानेवारी २०२१ मध्ये नगर जिल्ह्यात अकोले तालुक्यात रात्रीच्या वेळी नकाशाच्या भरवशावर निघालेली मोटार धरणाच्या पाण्यात गेली व एकाचा बळी गेला. तेथला पूल पाण्याखाली असतो हे गावातल्या पोराटोरांना ठाऊक होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या तुटलेल्या पुलावरून मोटार खाली कोसळली, तिघे दगावले. जुलै २०२५ मध्ये बेलापूरला एक भगिनी मोटारीसह खाडीत गेल्या. सुदैवाने पोलिसांनी त्यांना वाचवले. या घटनांतून ‘यंत्र वाईट’ असा निष्कर्ष मी काढत नाही. यंत्राने सांगितले तेच खरे मानून, काच खाली करून कुणाला विचारण्याची आपली सवय मोडते, एवढे मात्र त्यांतून दिसते. आमच्याकडे जुलै-ऑगस्टात ओढ्यांवरचे कमी उंचीचे पूल तासाभरात पाण्याखाली जातात. त्या तासाची बातमी पाड्यावरच्या माणसाजवळच असते.

पाड्यांवरच्या प्रवासात माझ्या शेजारी आमचे धर्मशिक्षक बसलेले असत. पंचक्रोशी त्यांना ‘मास्तर’ म्हणते. वय सत्तरीपुढे, शाळा सातवीपर्यंत. पण कुठल्या घरात कोण आजारी आणि कुठल्या घरात चूल पेटलेली नाही, हे त्यांना ठाऊक असते. पडद्यावरचा बाण पाहून ते म्हणाले, “फादर, रस्ता याला माहीत असेल. पण त्या शेतवाल्याने काल बांधावर काटे घातले, ते याला कोण सांगणार?”

एकदा रात्री अकराला बोलावणे आले. एक वृद्ध माता शेवटच्या घटका मोजत होती. मी पवित्र तेल व ख्रिस्तशरीर घेऊन निघालो. मास्तर वाटेवरच्या फाट्यावर बॅटरी घेऊन उभे होते. त्या अर्ध्या तासात त्यांनी मला त्या घरची सारी हकीकत सांगितली. थोरला मुलगा भिवंडीकडे वीटभट्टीवर आहे, त्याचा व धाकट्याचा अबोला आहे, आणि म्हातारीचा जीव त्या दोघांत अडकला आहे. म्हणून आत शिरताच तैलाभ्यंगाच्या आधी मी धाकट्याला जवळ बोलावले व त्याच्याकडून भावाला फोन लावून घेतला. आईने थोरल्याचा आवाज ऐकला. पहाटे ती गेली. यंत्राने मला त्या दारापर्यंत वेळेत पोहोचवलेही असते, असे क्षणभर धरू. परंतु त्या दारातून आत कसे जायचे, हे मला मास्तरांनी सांगितले होते.

मरणासन्न भाविकाला दिल्या जाणाऱ्या ख्रिस्तशरीराला लॅटिनमध्ये ‘व्हियातिकुम’ म्हणतात. त्याचा मूळ अर्थ प्रवासाला निघणाऱ्यास दिलेली वाटखर्ची, वाटेची शिदोरी. ती शिदोरी घेऊन जाणाराच वाट चुकला तर काय, ही माझी चिंता होती. आणि ती चिंता मंडळातील एका परिचारिका भगिनीने नेमक्या शब्दांत बोलून दाखवली. “फादर, मास्तर परवाच्या पावसाळ्यात महिनाभर अंथरुणाला होते. तेव्हा तुम्ही जुन्या आठवणीवर गाडी हाकलीत. पण तुमची बदली होईल. नवे फादर येतील. तोवर मास्तर नसले तर?”

बैठक शांत झाली. यंत्र की माणूस, असा वाद घालणे सोपे असते. विशेषतः आम्हां धर्मगुरूंना माणसाच्या बाजूने बोलणे फार सोपे जाते. माणूस मर्त्य आहे, हे मात्र त्या वादात सोयीस्करपणे निसटते. मास्तरांच्या डोक्यातला नकाशा कुठेही उतरवलेला नव्हता. तो त्यांच्याबरोबर जाणार होता.

त्या आठवड्यात मी जुन्या करारातील तोबीतचे पुस्तक पुन्हा वाचले. वृद्ध, अंध तोबीत आपला मुलगा तोबियस याला दूर मेदिया देशी ठेवलेली ठेव आणायला पाठवतो. वाट मुलाला ठाऊक नाही. बाप सांगतो, वाट जाणणारा विश्वासू माणूस शोध, त्याला मजुरी देऊ. राफाएल देवदूत अनोळखी तरुणाच्या रूपात पुढे येतो. त्या वाटा आपण अनेकदा तुडवल्या आहेत म्हणतो. तोबीत भाबडेपणाने हुरळून जात नाही. तो त्याचे कूळ विचारतो, मग व्यवहार ठरवतो: दिवसाला एक द्राख्मा आणि मुलाइतकाच प्रवासखर्च, दोघे सुखरूप परतले तर वर आणखी काही. सेमिनरीत या पुस्तकातील प्रार्थना आणि विवाहाचा प्रसंग आम्ही अभ्यासला होता. या मजुरीच्या वाक्यांवरून आमची नजर भराभर पुढे गेली होती. या वेळी ती तेथेच थबकली. वाटाड्याला मजुरी द्यावी, आणि देण्याआधी तो वाट जाणतो का ते पारखून घ्यावे, असे हे धर्मग्रंथातले पात्र करते. मास्तरांना आम्ही किती देत होतो? सणाला कपडा, महिन्याला नाममात्र मानधन, आणि भरपूर कौतुक.

मग हिशेब मांडला. दिवसाची मजुरी पाचशे रुपये धरली, तर लाख रुपयांत दोनशे दिवस होतात. दोनशे दिवसांत मास्तरांचे ज्ञान दोन तरुणांच्या हाती देता येईल. मंडळाने स्वस्त मॉडेल घेण्याचा निर्णय केला. विरोधात तिघे होते व त्यांचा विरोध आम्ही इतिवृत्तात नोंदवला. महामार्गासाठी व मुंबईसाठी फोन पुरेसा आहे. वाचलेल्या रकमेतून मास्तरांचे मानधन वाढवले आणि पाड्यांवरचेच दोन तरुण, एक मुलगा व एक मुलगी, त्यांच्याबरोबर रोजंदारीवर फिरू लागले. प्रत्येक पाड्यावर पोहोचले की ती फोनच्या नकाशावर खूण करतात, मराठी नाव लिहितात, आणि कागदाच्या वहीत वाट काढून ठेवतात. पावसाळ्यात बुडणारा पूल तांबड्या शाईने, बारमाही वाट निळ्या शाईने. आजवर चाळीसहून अधिक पाडे झाले आहेत.

एक पेच अजून सुटलेला नाही. तरुणांनी उत्साहाने म्हटले, या खुणा सर्वांसाठी खुल्या करू, म्हणजे रुग्णवाहिकाही येईल. मास्तर म्हणाले, “रुग्णवाहिका येईल, फादर, आणि जमिनीचा दलालही येईल.” बंदर, रस्ते, कारखाने यांच्या धामधुमीत त्यांची शंका अनाठायी नाही. तेव्हा खुणा सध्या धर्मग्रामाच्याच फोनमध्ये आहेत. आपला पाडा जगाच्या नकाशावर घालायचा की नाही, हे त्या त्या पाड्याने आपल्या बैठकीत ठरवावे, असे आम्ही सुचवले आहे. दोन पाड्यांनी होकार दिला, एकाने नकार. इतरांचा विचार चालू आहे, आणि तो त्यांचा त्यांनी करावा हेच बरे.

ज्यांचा प्रवास बहुतांशी शहरांतून व महामार्गांवरून होतो, फोन हाताळणे ज्यांना जमत नाही, त्यांनी अंगभूत यंत्रणा अवश्य घ्यावी. त्यांचे पैसे वाया जाणार नाहीत. पण घेण्यापूर्वी आपल्या नेहमीच्या तीन वाटा त्यावर पारखून पाहाव्यात, आणि त्यांतली एक तरी अशी असावी की जेथे आपली कुणीतरी वाट पाहत आहे.

आमची वही आता संस्कारसाहित्याच्या कपाटात, पवित्र तेलाच्या शेजारी असते. पुढे येणाऱ्या धर्मगुरूंसाठी तिच्या पहिल्या पानावर मी एवढेच लिहिले आहे की पाड्यावर जाताना पुढची शेजारची सीट रिकामी ठेवावी आणि फाट्यावर जो कोणी उभा असेल त्याला बरोबर घ्यावे.